हो म्हणणारी मान

३ मार्च, मंगळवार

पोपट आला. पिंजऱ्यासकट, दाण्यांच्या डब्यासकट आणि पिंजऱ्यावर टाकायच्या फुलाफुलांच्या चादरीसकट. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तो दारात ठेवला, माझा गालगुच्चा घेतला, डोळे पुसले आणि निघून गेल्या. महिन्याभरासाठी लेकीकडे. टॅक्सी खाली उभीच होती.

नवऱ्याने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "पोपट." "ते दिसतंय मला. आपल्याकडे का?" ते मलाही ठाऊक नव्हतं. मग आठवलं — गेल्या आठवड्यात त्या मला जिन्यात बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी त्यांचा चेहरा बघून हसले, मध्ये एकदा "अरेरे" म्हटलं आणि शेवटी मान डोलावली. नेहमीसारखी.

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. जिना रंगवायच्या समितीची मी अध्यक्ष कशी झाले? मान डोलावून. दातांच्या डॉक्टरांनी माझा धडधाकट दात कसा उपटला? मी मान डोलावली म्हणून. यादी बरीच लांबली. सगळं ऐकू आलं नाही, पण रोख कळला.

नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, त्यामुळे घरातही हुकूमच सोडतो. "परवा. कान. तपासायचे." आणि ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटला.

५ मार्च

कान तपासले. एका कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी मन लावून ऐकत होते. बराच वेळ काहीच येईना, म्हणून काचेतून बाहेर बघितलं, तर कानाच्या बाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचं बोट सुरूच होतं. म्हणजे आवाज येत होते. फक्त माझ्याकडे नाही.

त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ सुरुवातीला सपाट, पुढे घसरगुंडी. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. शब्दातले स, श, फ, त वाटेतच गळतात. बोलणं ऐकू येतं, कळत नाही. "पुरुषांचं थोडं बरं कळत असेल, बायकामुलांचं कमी," म्हणाल्या. मला जोरात हसू आलं. पंधरा वर्षं सासूबाई हेच म्हणतायत — "नवऱ्याचं ऐकू येतं, माझं नाही. सोयीचे कान आहेत!"

मी म्हटलं, चारेक वर्षं झाली असतील हे सुरू होऊन. बाई म्हणाल्या, "छे, जुनं आहे. पंधरा-वीस वर्षं असेल." मला काही ते पटलं नाही. चार.

दोन्ही कानांना मशिन. घरी आल्यावर सासूबाईंनी भांडी आपटली. मग कळलं, त्यांना राग आलाय. त्या अठ्ठ्याहत्तर, मी त्रेचाळीस. "माझ्याआधी?" म्हणाल्या. मी रांगेत घुसले म्हणे.

६ मार्च

सासूबाई तेलाची वाटी कोमट करून घेऊन आल्या. कानाच्या बाईंनी कानात काही घालायचं नाही म्हणून बजावलंय, हे मी तीनदा सांगितलं. तेल शेवटी पिंजऱ्याच्या दाराला घातलं. ते आता छान उघडतं. पोपट दिवसभर कपाटावर.

९ मार्च, सोमवार

मशिन घातलं. नवऱ्याला वाटत होतं चष्म्यासारखं असेल — लावला की दिसलं. मी घालून बसले आणि तो समोर वाकून उभा, जादूचा खेळ बघायला आल्यासारखा. "काय ऐकू येतंय?"

फ्रिज ऐकू येतोय. माझ्या स्वतःच्या जिभेचा आवाज येतोय. पिशवी चुरगळली की घर कोसळल्यासारखं वाटतं. पोपट तर कानात बसूनच ओरडतोय. आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी नवरा बोलतोय, तो पूर्वीपेक्षा मोठा आहे, पण स्पष्ट नाही. बाई म्हणाल्याच होत्या, डोक्याला सवय व्हायला महिने लागतात. हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग परत करू या, नीट चालत नाहीये." नंतर न्हाणीघरात गेला, नळ सोडला, दार लावलं आणि आतून ओरडला, "आता येतंय का?"

स्कूटरची किल्लीही त्याने काढून ठेवली. ऐकू न येणाऱ्याला गाडी चालवता येत नाही म्हणे. काल चालवत होते तेव्हाही ऐकू येत नव्हतंच की! आज फक्त त्याला कळलं.

१० मार्च

कारखान्यात मशिन घालून गेले. केस पुढे घेतले होते. व्यर्थ.

आमचा कारखाना छत्र्यांचा. मी सरळ छत्र्यांच्या विभागात शेवटच्या टेबलावर — लांब दांडा, वाकडी मूठ, घडी न होणारी जुनी छत्री. उघडायची, आत डोकं घालून उजेडाकडे बघायचं, भोक दिसलं की खडूची खूण, काड्या चाचपायच्या, मिटायची. दिवसाला चारशे. आज पहिली उघडली आणि मी टेबलाखाली बसले. गोळी झाडल्यासारखा आवाज! बारा वर्षं हा आवाज मीच करतेय आणि मला कोणी सांगितलं नाही.

मुकादमांनी मशिन बघितलं. विभागातल्या बाकी दहा जणांना गोळा करून जाहीर केलं. मग एकेक जण येऊन भेटून गेला, कोणी गेल्यावर भेटायला येतात तसा. काड्या बसवणारे काका माझ्या कानाशी येऊन इतक्या जोराने बोलले की मशिन शिट्टी मारायला लागलं. ते घाबरून पळाले. स्टोअरकीपरने चिठ्ठी दिली: तुम्हाला वाचता येतं का? मी खाली लिहिलं — नाही. तो "बरं बरं" म्हणून गेला.

दुपारी मुकादमांनी माझ्या टेबलावर पाटी टांगली. 'मोठ्याने बोला'. त्यांना समजावलं — आवाज वाढवून काही होत नाही, फाटकी छत्री मोठी केली तरी भोकही मोठंच होतं. समोर या, तोंडाकडे बघू द्या, एकाने बोला, सावकाश. मुकादमांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पाटीवर आणखी एक शब्द वाढवला. 'खूप मोठ्याने बोला'.

असो. हा कारखाना मुळातच विचित्र आहे. सगळ्या भिंती वांगी रंगाच्या. जेवणाची सुट्टी दहा वाजून पन्नास मिनिटांनी. ॲप्रनचा खिसा पाठीवर. फाटकाशी खोलीएवढी काचेची माशांची टाकी, त्यात आजवर एक मासा नाही. हे सगळं साहेबांनी ठरवलेलं आणि प्रत्येक गोष्टीमागे मोठं कारण आहे, यावर सगळ्यांचा विश्वास. वांगी रंगाने डोळे थकत नाहीत. पाठीवरच्या खिशामुळे चोऱ्या होत नाहीत. टाकीवर दोन पक्ष आहेत.

मीही साहेबांना मानते. माझं कारण वेगळं. बारा वर्षांपूर्वी मुलाखतीला चाळीस बायका आल्या होत्या. साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, टक लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला अशीच बाई हवी होती." माहेरी नाही, सासरी नाही, माझं असं कोणीच कधी ऐकलेलं नाही. कधी खूप वाईट दिवस गेला की मी ते आठवते.

१२ मार्च

नवीन भानगड. शिलाईवाली — माझ्या शेजारच्या मशीनवर कापड शिवते, मला ताई म्हणते, जिवाची आहे पण डोक्याने हलकी — तिने कुठल्याशा सिनेमात बघितलंय की बहिऱ्या माणसांना रस्त्यापलीकडच्या माणसाचे ओठ वाचता येतात. झालं. कारखानाभर झालं.

सगळ्यांना सांगून दमले. थोडंफार येतं, तेही समोर, उजेडात, विषय माहीत असला तर. प, ब आणि म तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. निम्मं तर तोंडाच्या आतच होतं, ते कोणाला दिसणार! शिलाईवाली म्हणाली, "ताई कित्ती साध्या आहेत ना, स्वतःचं कौतुकच करत नाहीत."

१३ मार्च

आता सगळे माझ्यासमोर तोंडावर हात ठेवून बोलतात. गुपितं फुटू नयेत म्हणून. स्टोअरकीपर रुमाल बांधून आला. त्यामुळे जे काही कळत होतं तेही गेलं. पाटी मात्र तशीच — खूप मोठ्याने बोला. तोंड झाकून खूप मोठ्याने बोलतायत.

१६ मार्च, सोमवार

सरळ छत्र्यांचा विभाग बंद होणार, अशी कुजबुज. (मला कुजबुज कशी कळली? शिलाईवालीने खुणा करून सांगितली. आधी छत्री, मग मान कापल्याची खूण. मला वाटलं कोणी मेलं.)

वरच्या मजल्यावर काचेची मीटिंगची खोली आहे, माझ्या टेबलावरून सरळ दिसते. तिथे सकाळपासून साहेब, हिशेबनीस आणि बाहेरून आलेला एक सूटवाला. कोपऱ्यात टायपिस्टबाई वही घेऊन. दहा-पन्नासच्या सुट्टीत विभागातले बाकीचे दहाही जण माझ्याभोवती आले. मुकादम काहीतरी बोलले, हात तोंडावर. सगळे माझ्याकडे आशेने बघत होते. काका तर रडायच्या बेतात. मी काय करणार — मान डोलावली.

त्यांनी विचारलं होतं की वरच्यांचे ओठ वाचून सांगाल का.

दुपारभर मी काचेकडे तोंड करून बसले. संशय येऊ नये म्हणून समोर छत्री उघडी आणि मुकादमांनी स्वतःच्या हाताने त्या चांगल्या छत्रीला डोळ्याएवढं भोक पाडलेलं. भोकं शोधण्यात माझा जन्म गेला आणि आता हे. पन्नास पावलांवरून, काचेतून, चार माणसं. सूटवाला तर अर्धा वेळ फळ्याकडे तोंड करून. एक शब्द कळला नाही. अर्धा शब्द नाही.

दर दहा मिनिटांनी शिलाईवाली येऊन, "काय म्हणाले?" शेवटी म्हटलं, चहा मागवलाय. चहा आला! दहा माणसांनी माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघितलं. चार वाजता कोणीही चहाच मागवेल ना.

पण एक दिसलं. साहेब. बाकीचे हसले की ते हसतात, पण एक क्षण उशिरा. खुर्ची अशी घेतात की खिडकी पाठीमागे आणि उजेड समोरच्यांच्या तोंडावर. कागद हातात आला की खांदे खाली येतात. आणि सूटवाला फळ्याकडे वळून बोलायला लागला की मान डोलायला लागते. जितकी त्याची पाठ जास्त, तितकी मान जास्त. खाली-वर, खाली-वर, मध्ये एखादा "हं".

ती मान मी कुठेही ओळखीन. मी रोज तीच वापरते.

१७ मार्च

कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? आणि ही गोष्ट एखाद्याच्या पाठीमागे फोडायची नसते, हे माझ्याइतकं कोणाला कळणार.

पोपट आज "अं?" म्हणाला. स्पष्ट. नंतर "काय?" म्हणाला. नवरा म्हणतो, घरात सगळ्यात जास्त बोलले जाणारे शब्द आहेत, शिकणारच.

२० मार्च, शुक्रवार

खालच्या फळ्यावर नोटीस लागली. सरळ छत्र्यांचा विभाग ३१ मार्चपासून बंद. विभागातल्या अकरा कामगारांची सेवा समाप्त. खाली साहेबांची सही.

मी अकरापैकी एक. काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. शिलाईवालीच्या घरात ती एकटीच कमावती. ती माझ्यावर पहिल्यांदाच चिडली. "ताई, तुम्हाला सोमवारीच कळलं होतं ना? चहाचं सांगितलंत, हे नाही सांगितलंत?" हात तोंडावर न ठेवता बोलली, त्यामुळे सगळं कळलं. सगळ्यांना तसंच वाटतंय. मुकादमांनी माझ्या टेबलावरची पाटी काढून नेली. नको होती, तरी वाईट वाटलं.

नोकरी गेली तर मला दुसरीकडे कोण घेणार? मशिन बघितल्यावर लोक मला वाचता येतं का विचारतात. घरी आले आणि पिंजऱ्यासमोर बसून रडले. पोपट म्हणाला, "काय?"

२१ मार्च

सासूबाईंनी मशिन मागितलं, "जरा बघू दे." कानात घातलं, पाच मिनिटं बसल्या, काढून परत दिलं. म्हणाल्या, "एवढा गोंगाट दिवसभर सहन करतेस?" मग माझ्या समोर येऊन बसल्या, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर, तोंड माझ्याकडे. इतकी वर्षं पाठमोऱ्या स्वयंपाकघरातून बोलायच्या. नोकरीचं विचारलं. मी सांगितलं. साहेबांच्या मानेचंही, फक्त त्यांनाच. म्हणाल्या, "मग त्याने कशाला हो म्हटलंय, ते त्याला तरी माहितीये का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२३ मार्च, सोमवार

साहेबांना भेटायला गेले. केबिन, कोपऱ्यात स्टुलावर टायपिस्टबाई वही उघडून. त्या नेहमी असतात. साहेबांनी हो म्हटलं की टिपायचं, टाईप करायचं, सह्यांच्या ढिगात ठेवायचं. अठरा वर्षं. कधी कोणाला एक प्रश्न विचारलेला नाही.

मी सांगायला लागले. अकरा जण, काका, शिलाईवाली. साहेब टक लावून बघत होते, अगदी बारा वर्षांपूर्वीसारखे. आणि मान. खाली-वर. मी म्हटलं, विभाग बंद करू नका — मान. म्हटलं, की बंदच करायचाय? — मान. तीच, तितकीच.

मग मला काय झालं कोण जाणे. त्याच आवाजात, चेहरा तसाच ठेवून म्हटलं, "साहेब, माझ्या घरी एक हिरवा पोपट आहे, त्याला परवापासून मुकादम करू या."

"छान," साहेब म्हणाले. "छान, छान. करू या."

मी बाहेर आले. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. जिन्यात.

२४ मार्च

आज परत गेले, कागद घेऊन. टायपिस्टबाई नाहीत असं बघून. कागदावर लिहिलं होतं: 'साहेब, मलाही नीट ऐकू येत नाही. मीही मान डोलावते. सूटवाल्यांनी काय विचारलं आणि तुम्ही कशाला हो म्हणालात, ते एकदा लिहून मागा.'

साहेबांनी वाचलं. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "मला स्वच्छ ऐकू येतं! लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." मग केसांमागच्या माझ्या मशिनकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. दाराकडे बोट. मी गेले.

संपलं. सात दिवस उरले.

२५ मार्च, बुधवार

हे मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी फळ्यावर नवा हुकूम. कारखान्याच्या लेटरहेडवर, टाईप केलेला: 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, आजपासून मुकादमपदाचा कार्यभार पोपट (हिरवा) यांच्याकडे सोपविण्यात येत आहे. सर्वांनी सहकार्य करावे.' खाली साहेबांची सही. खरी.

कोणी हसलं नाही! साहेबांनी ठरवलंय म्हणजे काहीतरी मोठं कारण असणार. काका म्हणाले, पोपटाला रजा लागत नाही. शिलाईवालीने विचारलं, ते ॲप्रन घालतील का. मुकादम किल्ल्यांचा जुडगा घेऊन माझ्याकडे आले, डोळ्यांत पाणी. "तुमच्याकडचे आहेत ना ते? किल्ल्या त्यांच्याकडे कशा देऊ?" टायपिस्टबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "साहेब 'करू या' म्हणाले. विचारणं माझं काम नाही."

दहा-पन्नासला साहेब स्वतः खाली आले. इतकी गर्दी फळ्याशी का, ते बघायला. सगळे बाजूला झाले. साहेबांनी वाचलं. परत वाचलं. सहीवर बोट फिरवलं, खरी आहे का बघायला. मग शेजारची आमच्या विभागाची नोटीस वाचली, अगदी सावकाश, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी. मग वळून गर्दीत मला शोधलं. वर गेले. वांगी जिन्याने.

२६ मार्च

सुट्टीत मी टेबलापाशी एकटीच होते. बाकीचे डबे घेऊन पलीकडच्या बाकांवर, माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. साहेब आले. एक छत्री उचलली, उघडली आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर धरली, गुपित बोलायला. आणि मग स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसल्यामुळे सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असे म्हणाले —

"ते मशिन कुठे मिळतं?"

पलीकडे दहाच्या दहा डबे थांबले. मी छत्रीखाली साहेबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन पत्ता सांगितला, दोनदा. त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, "नाही. काय सांगितलं ते मला सांगा." त्यांनी सांगितलं. चुकलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. छत्री मुकादमांनी भोक पाडलेलीच निघाली.

३० मार्च, सोमवार

साहेबांनी मीटिंग परत घेतली. मला बोलावलं. ओठ वाचायला नव्हे, शिस्त लावायला. सूटवाल्याला खिडकीसमोर बसवलं. एकाने बोलायचं, फळ्याकडे वळून बोलायचं नाही, तोंडावर हात नाही. साहेबांच्या कानात मशिन, तीन दिवसांचं, ते चहाच्या कपाच्या आवाजाने दचकत होते. सूटवाला घामाघूम. गेल्या वेळी त्याने तीन पर्याय वाचले होते आणि पहिल्यालाच साहेबांची मान हलली. "मला वाटलं, सर, तुमचं ठरलेलंच आहे," म्हणाला. दुसरा पर्याय होता सरळ छत्र्या चालू ठेवून नव्या मुठी काढायचा. साहेबांना तो आवडला. ऐकला आजच!

विभाग चालू. फळ्यावरचे दोन्ही कागद काढले. मुकादमांना वर बोलावून किल्ल्या परत.

मग साहेबांनी टायपिस्टबाईंची जुनी वही मागवली आणि त्या वाचायला लागल्या. भिंतींचा रंग — रंगाऱ्याने शेडकार्ड उलटं धरलं होतं, "हा का?" विचारलं, मान. खिसा — शिंप्याने ॲप्रन पाठमोरा धरून दाखवला, मान. दहा-पन्नास — घड्याळ बंद पडलंय, हेच धरू का, असं कँटीनवाल्याने विचारलं होतं. माशांची टाकी कोणी विकली ते आठवतच नाही. साहेब दर वेळी, "हे मी?" टायपिस्टबाई दर वेळी, "आपणच." मुकादमांच्या नेमणुकीचं पान आलं तेव्हा मुकादम उठून म्हणाले, "ते पान राहू द्या." ठेवलं.

खाली हे कळल्यावर सगळे हिरमुसले. शिलाईवाली अजून म्हणते, वांगी रंगाने डोळे थकत नाहीतच. जाताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंडावर हात नाही, आणि म्हणाली, "ताई, चुकलं माझं." नीट ऐकू आलं.

१ एप्रिल

वरच्या मजल्यावरच्या बाई पोपट न्यायला आल्या. "ओळखलंस का रे मला?" पोपट म्हणाला, "अं?" त्या परत म्हणाल्या, मोठ्याने. पोपटाने मान डोलावली. सासूबाई आत जाऊन हसल्या.

स्कूटरची किल्ली परत मिळाली. नवऱ्याने समोर येऊन, खांद्याला हात लावून, हळू दिली. हेही शिकवल्यासारखंच करतो, पण करतो.

२ एप्रिल

आज सुट्टीत साहेब टेबलाशी आले, खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "तुमच्या मुलाखतीचं सांगायचं होतं. मला तेव्हाही ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी तुमचा एकही शब्द मी ऐकलेला नाही. बाकीच्या एकूणएक बायका मला उलट काहीतरी विचारत होत्या आणि मला घाम फुटत होता. तुम्ही एकट्याच काही विचारलं नाहीत, मी जे म्हणेन त्याला नुसती मान डोलावत होतात. इतकं बरं वाटलं मला."

मला आठवलं. साहेबांचा आवाज फार मृदू आहे असं तेव्हा वाटलं होतं. एकही प्रश्न कळला नव्हता.

सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं, तरी मी म्हटलं, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.